ल्विव : नावं पाच, गाव एक

आधी एक छोटा हिशेब मांडू. समजा १९१० साली ल्विवमध्ये एक मुलगी जन्माला आली आणि जन्मभर त्याच गल्लीत, त्याच घरात राहिली. जन्मली तेव्हा ती ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा. चार वर्षांची झाली आणि सप्टेंबर १९१४ मध्ये रशियन फौज गावात शिरली. पुढच्या जूनमध्ये रशियन गेले, ऑस्ट्रिया परत. १ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी उठून बघते तर टाउन हॉलवर युक्रेनचा झेंडा. तीन आठवड्यांत तो उतरला आणि पोलंडचा चढला. १९३९ मध्ये सोव्हिएत आले, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. आणि १९९१ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, आजीबाई स्वतंत्र युक्रेनच्या नागरिक. एकूण राजवटी नऊ. घर बदललं? एकदाही नाही.

हा हिशेब ऐकायला मजेशीर आहे. तिकडच्या सगळ्याच सीमेवरच्या गावांत असे किस्से सांगतात. पण यात एक मेख आहे. या नऊ राजवटी एकाच घरात बसून बघायच्या, तर त्या घरात टिकून राहायला हवं. आणि १९१० साली ल्विवमध्ये जन्मलेल्यांपैकी फारच थोड्यांना ते जमलं. गावाचे मालक कसे बदलले ही अर्धीच गोष्ट झाली. गावातली माणसं कशी बदलली, ही उरलेली अर्धी. आणि मला विचाराल तर तीच खरी गोष्ट.

आधी पत्ता सांगतो. ल्विव म्हणजे पश्चिम युक्रेनमधलं सगळ्यात मोठं शहर, पोलंडच्या सीमेपासून सत्तरेक किलोमीटरवर. आपल्या धंद्यातल्या लोकांनी नाव ऐकलेलं असेल, कारण सॉफ्टसर्व्ह, एलेक्स वगैरे कंपन्या १९९०च्या दशकात याच गावात सुरू झाल्या. युक्रेनियन भाषेत ल्विव, पोलिशमध्ये ल्वूव, रशियनमध्ये ल्वोव, जर्मनमध्ये लेम्बर्ग आणि लॅटिनमध्ये लिओपोलिस. पुस्तकात यातलं कुठलं नाव वापरलंय त्यावरून लेखक कोणत्या बाजूचा, हे पहिल्या पानावरच कळतं :) मी सोयीसाठी आजचंच नाव वापरतोय.

गाव वसवलं तेराव्या शतकाच्या मध्यावर, गॅलिशियाच्या दानिलो राजाने. मुलाचं नाव लेव, म्हणजे सिंह, त्याच्यावरून गावाचं नाव. इतिहासाच्या बखरींत पहिला उल्लेख १२५६ सालचा. ही मंडळी रुथेनियन, म्हणजे आजच्या युक्रेनियन लोकांचे पूर्वज, धर्माने ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यामुळे 'गाव मुळात आमचं' असं युक्रेनियन लोक म्हणतात ते खोटं नाही. पण शंभर वर्षंही झाली नाहीत तोवर दानिलोचं घराणं संपलं आणि पोलंडचा राजा कॅसिमिर तिसरा याने १३४९ साली गाव घेतलं. तिथून १७७२ पर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षं, ल्विव पोलंडचं. हेही खोटं नाही.

कॅसिमिरने १३५६ साली गावाला 'माग्देबुर्ग कायदा' दिला. म्हणजे काय, तर जर्मन शहरांच्या धर्तीवर स्वतःचा कारभार, स्वतःची कोर्टं, स्वतःची बाजारपेठ. काळ्या समुद्राकडून येणारा माल पश्चिमेला जायचा तो इथून. रस्ता पैशाचा आहे म्हटल्यावर कोण कोण येणार? सगळेच आले. जर्मन आले, पोलिश आले, ज्यू आले, पार आर्मेनियातून आर्मेनियन आले. पूर्वेकडच्या भाषा आणि वाटा आर्मेनियन लोकांना पाठ, त्यामुळे व्यापारात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचं कॅथीड्रल १३६३ सालचं, आजही उभं आहे.

तटबंदीच्या आतलं गाव तसं इवलंसं. मधे चौकोनी बाजार, त्याचं नाव रिनोक. त्याच्या एका अंगाला आर्मेनियन गल्ली, दुसऱ्या अंगाला रुथेनियन (रुस्का) गल्ली, एका कोपऱ्यात ज्यूंची वस्ती. ही गल्ल्यांची नावं आजही तशीच आहेत. पुढे तर असं झालं की रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक आणि आर्मेनियन कॅथलिक अशा तीन पंथांचे तीन आर्चबिशप एकाच गावात बसायचे. जगात असं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आता हे वाचून 'वा, काय सलोखा होता' असं म्हणायची घाई करू नका. सगळ्यांना सारखे हक्क मुळीच नव्हते. कॅथलिक तेवढे पूर्ण नागरिक. ज्या रुथेनियनांच्या राजाने गाव वसवलं त्यांच्यावरच, कुठे राहायचं, कोणता धंदा करायचा, यावर बंधनं. ज्यूंवर तर होतीच होती. सलोखा हा शब्द जरा मोठा होईल. एकमेकांवाचून धंदा अडत होता, म्हणून सगळे एकमेकांना खपवून घेत होते असं म्हणू. पण शतकानुशतकं खपवून घेणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही, हे पुढे कळतं.

१५२७ साली मोठी आग लागली आणि जुनं गॉथिक वळणाचं जवळजवळ सगळं गाव जळून गेलं. नवं बांधायला इटलीहून गवंडी आणि वास्तुकार आले. म्हणून आज रिनोकमध्ये उभं राहिलं की आपण चुकून इटलीत आलो की काय असं वाटतं. तिथल्या एका वाड्याच्या आत कमानींचं तीन मजली अंगण आहे, त्याला 'इटालियन अंगण' म्हणतात. तो वाडा १५८० साली बांधून घेतला कॉन्स्टँटिन कोर्नियाक्ट याने. हा गडी ग्रीक, मूळचा क्रीट बेटावरचा, पूर्वेकडच्या मालाच्या व्यापारात गब्बर झालेला. त्याच्याच पैशाने रुथेनियन चर्चचा उंच मनोरा उभा राहिला. दोन वर्षांनी, १५८२ मध्ये, ज्यूंच्या वस्तीत 'गोल्डन रोझ' सिनेगॉग बांधलं गेलं, तेही इटालियन वास्तुकाराने. म्हणजे पोलिश राजाचं राज्य, जर्मन कायदा, इटालियन गवंडी, ग्रीक सावकार, आणि चर्च युक्रेनियनांचं. ओपन सोर्स प्रोजेक्टच म्हणा ना, कमिट कोणाकोणाचे आहेत ते मोजत बसायचं नाही.

सतरावं शतक लढायांचं. १६४८ मध्ये बोहदान ख्मेल्नित्स्कीचे कोसॅक तटाशी येऊन बसले आणि खंडणी घेऊन गेले. १६७२ मध्ये तुर्कांनी वेढा घातला, तेही खंडणीवर परतले. १७०४ साली स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने मात्र गाव जिंकूनच लुटलं. त्यानंतर व्यापाराला जी उतरती कळा लागली ती लागलीच.

१७७२ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी पोलंडचे लचके तोडले, त्यात ल्विव ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेलं. 'गॅलिशिया आणि लोडोमेरियाचं राज्य' असा एक भारदस्त नावाचा प्रांत कागदावर तयार झाला आणि लेम्बर्ग त्याची राजधानी. ऑस्ट्रियन लोकांनी तटबंदी पाडून तिथे रस्ते आणि बागा केल्या. गावातून पोल्तवा नावाची नदी वाहायची, तिचं तोवर गटार झालं होतं, तीही बंदिस्त करून जमिनीखाली घातली. वर रुंद रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला १९०० साली झोकदार ऑपेरा हाउस. ही जमिनीखालची नदी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे. १८६१ साली रेल्वे आली, १८९४ साली विजेची ट्राम. त्याआधी, १८५३ मध्ये, इथल्या एका औषधाच्या दुकानात इग्नात्सी लुकासिएविच आणि यान झेह यांनी खनिज तेलापासून रॉकेल काढलं. रॉकेलच्या दिव्यावर इथल्या दवाखान्यात रात्री ऑपरेशनही झालं. म्हणजे आपल्या आज्जीच्या घरातल्या कंदिलाचं मूळ शोधत गेलं तर या गावावरून जावं लागतं.

पण ऑस्ट्रियाचं खरं देणं वेगळंच आहे. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या राज्यात १८६०च्या दशकात गॅलिशियाला स्वायत्तता मिळाली. स्वतःचं विधिमंडळ, शाळा-कचेऱ्यांत पोलिश भाषा. त्याच काळात वॉर्सा रशियाच्या टाचेखाली होतं. त्यामुळे पोलिश पुढारी, लेखक, प्राध्यापक मोकळा श्वास घ्यायला ल्विवला यायचे. तिकडे रशियात झारने १८७६ साली युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायलाच बंदी घातली. मग युक्रेनियन लेखक, संपादक कुठे जाणार? तेही ल्विवलाच. युक्रेनचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे मिखाइलो ह्रुशेव्स्की १८९४ पासून इथल्याच विद्यापीठात शिकवत होते.

यातला पेच बघा. एका राजाच्या सैल कारभाराखाली दोन राष्ट्रवाद शेजारीशेजारी वाढत होते, आणि दोघांनाही राजधानी म्हणून तेच एक गाव हवं होतं. पोलिश म्हणायचे, गावात निम्मे लोक आमचे, इमारती आमच्या, विद्यापीठ आमचं. युक्रेनियन म्हणायचे, गावाबाहेर पाऊल टाका, चहूकडची सगळी खेडी आमची, आणि गाव वसवलं आम्ही. दोन्ही बाजूंची आकडेवारी बरोबर! फक्त एकजण गावाची शिरगणती दाखवत होता आणि दुसरा जिल्ह्याची. आणि ज्यू? गावातला साधारण दर चौथा माणूस ज्यू, पण त्यांना कोणी विचारतच नव्हतं. १९०८ साली एका युक्रेनियन विद्यार्थ्याने गॅलिशियाचे पोलिश गव्हर्नर पोतोत्स्की यांना गोळ्या घालून मारलं, तेव्हा वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसलं.

१९१८ मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं आणि १ नोव्हेंबरच्या पहाटे युक्रेनियन सैनिकांनी गाव ताब्यात घेतलं. पोलिश रहिवाशांनी बंदुका उचलल्या. त्यात शाळा-कॉलेजची पोरंही होती, पोलिश लोक त्यांना 'गरुडाची पिल्लं' म्हणतात. तीन आठवडे गल्लीगल्लीत लढाई झाली. काल एका वर्गात बसलेली मुलं आज समोरासमोर. २२ नोव्हेंबरला पोलिश जिंकले, आणि पुढचे दोन-तीन दिवस पोलिश सैनिक आणि गावगुंडांनी मिळून ज्यूंची वस्ती लुटली, जाळली, माणसं मारली. कारण काय, तर ज्यू या भांडणात तटस्थ राहिले होते.

पोलंडच्या राज्यातली पुढची वीस वर्षं ताणाची होती, युक्रेनियनांसाठी तर अपमानाचीच. पण याच वीस वर्षांत गावाने जगाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली गणितातली. न्युमरिकल मेथड्समध्ये 'इटरेशन करत गेलं की उत्तर कन्व्हर्ज होतं' असं आपण परीक्षेत डोळे मिटून लिहिलंय, त्यामागचं एक मूळ प्रमेय स्टेफान बानाख याचं. हा माणूस ल्विवला प्राध्यापक. त्याला ऑफिसात बसून गणित सुचायचं नाही, हॉटेलातच सुचायचं. 'स्कॉटिश कॅफे' नावाच्या हॉटेलात बानाख, माझुर, उलाम आणि इतर मंडळी तासन्‌तास बसायची आणि संगमरवरी टेबलावरच पेन्सिलीने लिहायची. सकाळी वेटर टेबल पुसायचा की प्रमेय गेलं. शेवटी १९३५ साली एक जाड वही आणली, ती हॉटेलातच ठेवायची. कोणीही प्रश्न लिहावा, कोणीही सोडवावा, वर बक्षीसही जाहीर करावं. एक कॉफी, एक बाटली वाइन वगैरे. माझुरने १९३६ मध्ये १५३ नंबरचा प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावलं एक जिवंत हंस. तो प्रश्न सुटला १९७२ साली, पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाकडून. आणि म्हाताऱ्या माझुरने वॉर्सामध्ये त्याला खरोखर टोपलीत घालून जिवंत हंस दिला! बग रिपोर्ट ३६ वर्षांनी क्लोज झाला, आणि बाउंटी पण मिळाली. यातला उलाम पुढे अमेरिकेत गेला. सिम्युलेशनवाल्यांची 'माँटे कार्लो' पद्धत त्याच्या डोक्यातून निघाली.

दुसरी गोष्ट कायद्यातली. ल्विवच्या लॉ फॅकल्टीत काही वर्षांच्या अंतराने दोन ज्यू विद्यार्थी शिकून गेले. हर्श लाउटरपाख्त आणि राफाएल लेम्किन. न्यूरेंबर्गच्या खटल्यात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हे कलम आलं त्यामागे लाउटरपाख्त होते. 'जीनोसाइड', म्हणजे वंशसंहार, हा शब्द १९४४ साली घडवला लेम्किनने. तोवर जगातल्या कुठल्याही कायद्यात त्या गुन्ह्याला नावच नव्हतं. एकाच कॉलेजातून असे दोघे निघावेत हा योगायोग आहे का? मला नाही वाटत. 'आपण अल्पसंख्य आहोत, सरकार उलटलं तर आपलं काय' हा प्रश्न त्या गावात कोणालाच पुस्तकी नव्हता. पुढे दोघांच्याही आईवडिलांना नाझींनी मारलं.

आता १९३९. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे गावात तीन लाख बारा हजार लोक. धर्माप्रमाणे बघितलं तर निम्मे रोमन कॅथलिक, म्हणजे बहुतेक पोलिश. ३२ टक्के ज्यू. १६ टक्के ग्रीक कॅथलिक, म्हणजे मुख्यतः युक्रेनियन. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण पुढच्या सात वर्षांत यातलं काहीही शिल्लक राहत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला, ल्विव सोव्हिएत हिश्शात गेलं. १९४० पासून रात्री-अपरात्री दारं ठोठावली जायला लागली. पोलिश अधिकारी, जमीनदार, वनरक्षक, पोलीस आणि त्यांची बायकापोरं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला. बरेच ज्यू निर्वासित आणि युक्रेनियनही त्यात होते.

या गाड्यांतल्या काही माणसांचा पुढचा पत्ता मात्र आपल्या ओळखीचा आहे. पूर्व पोलंडमधून हद्दपार झालेल्यांपैकी काही लोक १९४१ नंतर सुटून इराणमार्गे भारतात पोचले. हजारेक मुलं जामनगरजवळ बालाचडीला, आणि पाचेक हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ तिथे त्यांची वसाहत होती. शाळा, चर्च, नाटकं, सगळं. कोल्हापूरच्या जुन्या लोकांना 'पोलंडवाले' आठवायचे. युद्ध १९४५ ला संपलं, तरी यांचा मुक्काम १९४८ पर्यंत का लांबला? त्याचं एक मोठं कारण म्हणजे यांचं घर ज्या देशात होतं तो देश तिथून सरकला होता. ल्विव आणि आजूबाजूचा सगळा मुलूख सोव्हिएत युनियनमध्ये गेला होता. 'घरी परत जा' म्हणायचं, तर ज्यांनी हाकललं त्यांच्याच राज्यात जायचं! बरेचसे मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे ते याचसाठी.

ल्विवमध्ये राहिले त्यांचं काय? जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला. पळून जाताना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी तुरुंगातले हजारो कैदी मारून टाकले. ३० जूनला जर्मन आले. ते मुडदे दाखवून 'हे ज्यूंनी केलं' अशी आवई उठवली गेली आणि जर्मनांच्या आशीर्वादाने युक्रेनियन मिलिशिया आणि गावातला जमाव शेजाऱ्यांवरच तुटून पडला. ४ जुलैच्या पहाटे जर्मनांनी वीसहून जास्त पोलिश प्राध्यापकांना, काहींना मुलांसकट, टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. बानाख वाचला. तो रुडॉल्फ वाइगल यांच्या टायफसच्या लसीच्या संस्थेत लागला. काम काय? लस उवांपासून बनायची, आणि उवांना रक्त लागतं. तर पायाला उवांच्या डब्या बांधून बसायचं. त्या कामाच्या कार्डामुळे जर्मन सहसा हात लावायचे नाहीत. विसाव्या शतकातला एक थोर गणिती युद्धभर स्वतःचं रक्त उवांना पाजून जगला आणि युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९४५ मध्ये, कॅन्सरने गेला.

ज्यूंना लपायला असं कार्डही नव्हतं. निर्वासित धरून दीड लाखाच्या आसपास ज्यू तेव्हा गावात होते. घेट्टो, यानोव्स्काची छावणी, बेल्झेकचं विषारी वायूचं केंद्र. दोन वर्षांत सगळं संपलं. गोल्डन रोझ सिनेगॉगही पाडलं. मघाशी ती जमिनीखालची पोल्तवा लक्षात ठेवा म्हटलं होतं. १९४३ मध्ये घेट्टो जाळला तेव्हा काही ज्यू कुटुंबं त्या भुयारी गटारांत उतरली. लेओपोल्ड सोखा नावाच्या पोलिश गटार-कामगाराने त्यांना चौदा महिने अन्न पोचवलं. आधी पैसे घेऊन, पैसे संपल्यावर फुकट. शेवटी दहा जण जिवंत वर आले. लाख-दीड लाखांतले हे दहा.

जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत परत आले आणि सीमा पश्चिमेला सरकवून ल्विव कायमचं ठेवून घेतलं. आता उरले पोलिश. दोन वर्षांत लाखाहून जास्त लोकांना पेट्या बांधून पोलंडच्या गाड्यांत बसवलं. 'स्वेच्छेने' म्हणायचं, इतकंच. यातले बरेच व्रोत्स्वाफला गेले. ते गाव कालपर्यंत जर्मन ब्रेस्लाउ होतं आणि तिथून जर्मनांना हाकलून दिलं जात होतं. आपल्या भाषेत डेटा मायग्रेशन. प्राध्यापक गेले, ओसोलिन्स्की ग्रंथालयाचा मोठा भाग गेला. ल्विवमध्ये रंगवलेलं रात्स्वावित्सेच्या लढाईचं भलंमोठं गोलाकार चित्र गुंडाळी करून गेलं. पुतळेसुद्धा गेले. नाटककार फ्रेद्रोचा ल्विवचा पुतळा १९५६ साली व्रोत्स्वाफच्या चौकात बसवला, आणि तो नेमका प्रशियाच्या राजाचा पुतळा जिथे होता तिथे. गणितज्ञांनी तिथे 'नवी स्कॉटिश वही'ही सुरू केली. जे जे उचलता आलं ते ते उचललं. इमारती तेवढ्या मागे राहिल्या.

रिकाम्या घरांत नवे लोक आले. आजूबाजूच्या खेड्यांतले युक्रेनियन, पूर्व युक्रेनमधले, रशियातले. यातले कितीतरी स्वतःच कुठून ना कुठून उखडलेले. पोलंडमधूनही लाखो युक्रेनियनांना उलट दिशेने हाकललं गेलं होतं. बस आणि टीव्हीचे कारखाने निघाले, गाव फुगलं. युक्रेनियनांचं ग्रीक कॅथलिक चर्च सोव्हिएत सरकारने १९४६ साली बेकायदा ठरवलं ते १९८९ पर्यंत. म्हणजे गाव 'त्यांचं' झालं तेव्हाही पूर्ण त्यांचं नव्हतंच. २००१ च्या शिरगणतीत ८८ टक्के युक्रेनियन. पोलिश एक टक्क्याच्या आत, ज्यू त्याहून कमी.

आता माझा मुद्दा. ल्विववर लिहिताना 'अनेक राजवटींनी घडवलेलं शहर' असं सगळे लिहितात. ते १९३९ पर्यंत ठीक आहे. तोवर नवा मालक यायचा, कर वसूल करायचा, रस्त्याचं नाव बदलायचा, चार इमारती बांधायचा. आधीची माणसं मात्र तिथेच असायची, जरा सरकून नव्याला जागा द्यायची. एकावर एक थर चढत गेले. १९३९ ते १९४६ मध्ये थर चढला नाही, खालचे थर खरवडून काढले. साडेसहाशे वर्षांत वेढे, आगी, फाळण्या यांनी जे केलं नाही ते सात वर्षांत झालं. ते करायला दोन गोष्टी लागल्या: कोण कुठल्या जमातीचा याच्या पक्क्या याद्या, आणि रेल्वे. आधीच्या राजांकडे क्रौर्य कमी नव्हतं, पण याद्या आणि गाड्या नव्हत्या. आपण रात्रंदिवस डेटाबेस बनवणारे लोक आहोत, म्हणून हे वाक्य मी जरा थांबून लिहितोय.

मग गाव कोणाचं? वसवलं कोणी, बांधलं कोणी, निम्मी लोकसंख्या कोणाची, यावर भांडायला सगळ्यांकडे भक्कम पुरावे आहेत, आणि त्याच भक्कम पुराव्यांनी १९१८ ची लढाई पेटवली. मला वाटतं जुन्या शहराला हा प्रश्न विचारूच नये. विचारायचाच तर असा विचारावा: आज जे राहतात ते आधीच्यांचं काय करतात? जुन्या घरांच्या दारांच्या चौकटीत कुठेकुठे एक तिरकी खाच दिसते, तिथे ज्यू कुटुंबाचा मझूझा असायचा. भिंतींवर पोलिश आणि यिडिश भाषेतल्या दुकानांच्या पाट्या पुसट दिसतात. त्यावर रंग फासणं सोपं होतं आणि सोव्हिएत काळात तेच झालं. अलीकडे मात्र काही पाट्या मुद्दाम उघड्या करून जपल्यात. गोल्डन रोझच्या पडक्या भिंतीशेजारी २०१६ साली स्मारक झालं. 'गरुडाच्या पिल्लां'ची जी दफनभूमी सोव्हिएत सरकारने १९७१ साली रणगाडे आणि बुलडोझर लावून मोडली होती, ती दुरुस्त होऊन २००५ मध्ये पोलंड आणि युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांनी एकत्र खुली केली. वाद संपलेत असं नाही. स्टेपान बांदेरासारख्या नेत्याचा पुतळा ल्विवमध्ये आहे आणि तो पोलिश आणि ज्यू माणसाला बघवत नाही, हेही खरंच. पण दिशा महत्त्वाची.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला. ल्विवकरांनी पुतळे कापडात गुंडाळले, आर्मेनियन कॅथीड्रलमधली ख्रिस्ताची जुनी लाकडी मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेली. ६ जुलै २०२३ ला एका राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडून दहा माणसं गेली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये युनेस्कोने या जुन्या गावाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं.

त्या पहिल्या आठवड्यांत ल्विवच्या स्टेशनावर बायकापोरांची अफाट गर्दी होती. गाड्या निघत होत्या पोलंडमधल्या प्शेमिशलकडे. मार्ग तोच, १८६१ साली ऑस्ट्रियाने टाकलेला, आणि १९४५-४६ मध्ये ल्विवचे पोलिश पेट्या घेऊन ज्याच्यावरून कायमचे गेले तो. या वेळी पलीकडच्या फलाटावर पोलिश लोक गरम सूप, ब्लँकेटं आणि बाबागाड्या घेऊन उभे होते. त्यांच्यातल्या कितीजणांच्या आज्या ल्विवच्या होत्या, हे कोणी मोजलं नाही. आणि या वेळी यादी कोणी मागितली नाही, ते बरंच झालं.